जुनं डिझेल इंजिन घेताना काय बघायचं, आणि ते विहिरीत का उतरवायचं नाही

एका शेतकरी भाऊंचा प्रश्न आलाय, "साहेब, जुनं लिस्टर टाइप (इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या नमुन्याचं) इंजिन मिळतंय, मालक 10 एचपी म्हणतोय पण पाटीवर रंग मारलाय, काही वाचता येत नाही. विहिरीचं पाणी 35 फुटांवर गेलंय, इंजिन आत मचाण करून ठेवलं तर चालेल ना?"

मचाणाचं आधी सांगतो. नाही चालणार, अजिबात नाही. वर ठेवलेला पंप 20-22 फुटांच्या खालचं पाणी नीट ओढत नाही म्हणून लोक इंजिनच आत उतरवतात, मलाही कळतं. पण धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास, विहिरीत वारा खेळत नाही त्यामुळे तो आतच साठतो, डोकं जड होतं, पायातलं बळ जातं आणि माणूस शिडीपर्यंत पण पोचत नाही. मग वरचा त्याला काढायला उतरतो आणि तोही तिथंच पडतो. काहीजण कंदील सोडून बघतात, पण कंदील फक्त ऑक्सिजन कमी झाला तर विझतो, हा गॅस जीव घेण्याइतका असला तरी वात आरामात जळत राहते. सायलेन्सरला पाईप लावून धूर वर काढतो म्हणाल तर सांधे गळतातच. कोणी आत पडलाच तर खाली उतरू नका, 112 ला फोन लावा.

35 फुटांना आत सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा विजेचा पंप) टाका, डिझेल जनरेटर वर उघड्यावर. नाहीतर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या सरकारी योजनेत अर्ज करा, शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, एससी-एसटीला 5.

आता इंजिन. पाटी रंगवता येते, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) नाही रंगवता येत. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडून मोजा, बोअर 114 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 140 च्या आसपास, मिनिटाला फेरे 650 असतील तर ते 6 एचपीचं मूळ लिस्टर माप आहे, त्याला 10 चे पैसे का द्यायचे? डिझेल बंद करून डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) बंद ठेवा आणि चाक हाताने हळू फिरवा, दाबाला चाक मागे झटकलं तर कॉम्प्रेशन आहे, गुळगुळीत फिरलं तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गेलेत. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरतंय, सरळ परत फिरा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

पुढे ते वर नदीवर, शेततळ्यावर वापरणार असाल तर पुलीचा हिशोब करा. इंजिन 650, पंप 1450 आणि पंपाची पुली 5 इंच, तर इंजिनला साधारण 11 इंची लागते. हेच उलटं, 650 ची मोठी पुली 1500 च्या इंजिनवर चढवली तर पंप 3300 च्या आसपास पळतो, इंजिन दबून काळा धूर सोडतं किंवा इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) तरी फुटतो.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत आवळू नका. हँडलचं भोक आणि शाफ्टची खाच झिजलेली असली की इंजिन चालू झाल्यावर हँडल सुटत नाही, शाफ्टबरोबर गरगरतं आणि मग कुठंही उडतं, तेव्हा जवळ न जाता लांबून डिझेल बंद करा. पट्ट्याला जाळी हवी, गळ्यातला टॉवेल काढून ठेवा, पदर खोचलेला असला तरी बाईमाणसाने पट्ट्याजवळून जाऊ नये. नोझल (डिझेल फवारणारं तोंड) तपासताना फवाऱ्यासमोर हात नको, तो दाब डिझेल कातडीच्या आत घुसवतो, जखम बारीक दिसते पण लगेच दवाखाना गाठा.

आणि पैसे द्यायच्या आधी पंप जोडून, पाणी काढत, अर्धा तास तरी चालवायला लावा. रिकामं इंजिन कुणाचंही छान चालतं.