‘विश्वाहून मोठे’ असे म्हणता येते का? विश्व, ब्रह्मांड आणि बहुविश्व

एका विज्ञानलेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचक बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मजकुरात एक वाक्य होते : ‘आपले विश्व हे याहून मोठ्या कशाचा तरी अगदी छोटा भाग असू शकेल का?’ मजकूर तपासणाऱ्या संपादकांनी ‘विश्व’खाली रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘विश्व म्हणजे सर्व. सर्वाहून मोठे काय असणार? ब्रह्मांड करा.’ बाई विचारतात, बरोबर कोण? आणि अनेक विश्वांच्या समूहासाठी वापरतात त्या ‘मल्टिव्हर्स’ला मराठीत काय म्हणायचे?

वाक्य आहे तसे ठेवा. संपादकांची व्युत्पत्ती पक्की आहे, पण तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

संस्कृतात ‘विश्व’ हे मुळात सर्वनाम. पाणिनीय परंपरेतला सर्वनामांचा गण ‘सर्व, विश्व, उभ, उभय…’ असाच सुरू होतो. म्हणजे ‘विश्व’चा पहिला अर्थ ‘सगळे’. ‘जग’ हा अर्थ नंतरचा. आता ‘विश्वे देवाः’ या जोडीचे काय झाले ते बघा. शब्दशः ‘सगळे देव’. पण पुढे हाच देवांचा एक वेगळा गण झाला. श्राद्धात विश्वेदेवांचे ब्राह्मण वेगळे बसतात, पितरांचे वेगळे. गीतेच्या अकराव्या अध्यायात, म्हणजे नेमक्या विश्वरूपदर्शनात, रुद्र, आदित्य, वसू, साध्य यांच्या रांगेत ‘विश्वे’ हाही एक गट उभा आहे. ‘सगळे’ असे नाव असलेले देव ‘काही’ देव झाले, आणि त्याने भाषेचे काही बिघडले नाही.

मराठीने तर ‘विश्व’ केव्हाच मोजण्याजोगे करून टाकले आहे. क्रीडाविश्व, नाट्यविश्व, भावविश्व, ‘तिचे विश्वच वेगळे’. यातले कुठलेही विश्व ‘सर्व’ नाही. प्रत्येक एक बंदिस्त आवार आहे. ‘सर्व’ हा जुना अर्थ आज धडधाकट दिसतो तो ‘विश्वकोश’सारख्या सामासिक शब्दांत. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आपण रोज वापरतो आणि अडखळत नाही. तेव्हा ‘विश्वे’ या अनेकवचनाला व्याकरणाची हरकत नाही.

राहिला प्रश्न तर्काचा : सगळ्याहून मोठे काही असते का? इथे शंभर वर्षांपूर्वीची हकिगत कामाची आहे, कारण विश्व समजली गेलेली वस्तू एका मोठ्या वस्तूचा छोटा तुकडा निघाली, असे प्रत्यक्ष घडलेले आहे. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस या खगोलशास्त्रज्ञांत जाहीर वाद झाला. शॅप्ली यांच्या हिशेबाने आपली आकाशगंगा सुमारे तीन लाख प्रकाशवर्षे रुंद होती, आणि एवढ्या प्रचंड आकाशगंगेच्या तोडीची दुसरी रचना असेल असे त्यांना वाटत नव्हते. दुर्बिणीतून दिसणारे सर्पिल ढग त्यांच्या मते तुलनेने लहान आणि जवळचे. कर्टिस म्हणत होते की ते ढग स्वतंत्र आकाशगंगाच आहेत. त्यांच्यासाठी तेव्हा चालणाऱ्या शब्दाचे मराठी करायचे तर ‘द्वीपविश्वे’. नाव बघा कसे आहे : ‘विश्व’ हा शब्द अनेकवचनात, आणि तोही खगोलशास्त्रज्ञांच्या तोंडी.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानी (अँड्रोमेडा) तारकासमूहातल्या ढगाची छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर घेतली. एका काचेवर त्यांनी एका ठिपक्यापाशी नवताऱ्याची (अचानक उजळणाऱ्या ताऱ्याची, इंग्रजीत नोव्हा) खूण म्हणून एन हे अक्षर लिहिले होते. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर ते खोडून त्यांनी ठळक अक्षरांत ‘व्हार’ (व्हेरिएबल, म्हणजे तेज बदलणारा तारा) लिहिले, पुढे उद्गारचिन्ह. ठिपका नवतारा नव्हता. ठरावीक लयीत तेज कमीजास्त होणारा सेफीड जातीचा तारा होता, आणि त्या लयीवरून अंतर काढता येत होते. हबल यांचे उत्तर आले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. आजचा आकडा सुमारे पंचवीस लाख आहे, पण नऊ लाखही शॅप्लींच्या आकाशगंगेच्या पार बाहेर पडत होते. १ जानेवारी १९२५ रोजी हे वैज्ञानिकांच्या सभेत वाचले गेले आणि वाद मिटला.

मग शब्दांचे काय झाले? ‘द्वीपविश्व’ मागे पडले. विश्व हा शब्द एक पायरी वर सरकला, सगळ्या आकाशगंगांना मिळून लागू लागला, आणि खालची जागा भरायला दुसरा शब्द आला. मराठीत तो ‘दीर्घिका’. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे किंवा बांधीव विहीर; आकाशातल्या गंगेच्या शेजारी तळे बरे शोभले. शब्द मोडला नाही, सरकला. उद्या आणखी एक पायरी सापडली तर तो पुन्हा सरकेल किंवा जागेवर राहून वरच्या पायरीला नवे नाव मिळेल. कोणते होईल ते वापरणारे ठरवतील, व्युत्पत्ती नाही.

आता संपादकांचे ‘ब्रह्मांड’. (उच्चारात आपण सर्रास ‘ब्रम्हांड’ म्हणतो, लिहिताना ह आधी, म नंतर.) गंमत अशी की ‘सर्वाहून मोठे काही नाही’ असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी हा शब्द मुळीच सुचवू नये. ब्रह्मांड म्हणजे ब्रह्म्याचे अंडे. अंड्याला कवच असते, कवचाला बाहेरची बाजू असते, आणि अंडी एकाहून अधिक असू शकतात. शिर्डीच्या जयघोषातले ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ आठवा. आपल्याकडे रोज हजारो लोक ब्रह्मांडाचे अनेकवचन मोठ्याने म्हणतात आणि त्यात कुणाला वदतोव्याघात दिसत नाही.

भागवताच्या तिसऱ्या स्कंधाचा अकरावा अध्याय तर बाईंच्या वाक्याच्या फारच जवळ जातो. पन्नास कोटी योजने रुंदीचे अंडे, त्याभोवती एकाहून एक दसपट आवरणे, आणि हे सगळे अक्षर ब्रह्मात शिरले की परमाणूसारखे दिसते. शिवाय अशा आणखी कोट्यवधी अंड्यांच्या राशी आत आहेतच. इथला ‘परमाणू’ मात्र जपून घ्या. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात, मराठीत अणू, आणि भागवतात दोन्हींहून वेगळे. त्याच अध्यायात हिशेब दिला आहे : दोन परमाणूंचा अणू, तीन अणूंचा त्रसरेणू, आणि त्रसरेणू म्हणजे जाळीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतो तो कण. त्या कणाचा सहावा हिस्सा तो परमाणू. इलेक्ट्रॉन-प्रोटॉनशी त्याचा काही संबंध नाही.

ज्योतिषगणिताच्या ग्रंथांत हाच शब्द आणखी नेटका होतो. सूर्यसिद्धान्ताने ब्रह्मांडाचा परिघ दिला आहे : १८,७१,२०,८०,८६,४०,००,००० योजने, एकूण सतरा आकडे. आणि हा परिघ कशाचा? जिथवर सूर्याचे किरण पसरतात तिथवरचा. म्हणजे व्याख्या आहे ती उजेड पोहोचण्याच्या मर्यादेची.

यावर भास्कराचार्य जे म्हणतात ते मला या सगळ्या चर्चेतले सर्वात मोलाचे वाटते. जन्म १११४ चा, आणि चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे आपल्या खानदेशाशी नाते जोडलेले. सिद्धान्तशिरोमणीत ते आकाशकक्षेचा आकडा देतात, सांगतात की काहींच्या मते हा ‘ब्रह्माण्डकटाहसंपुटा’चा, म्हणजे तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कढयांसारख्या ब्रह्मांडाचा घेर आहे. (आपली कढई याच कटाहाची नात.) ज्यांना अवघा गोल तळहातावरच्या आवळ्यासारखा स्वच्छ दिसतो ते हा परिघ सांगतात, अशीही एक मिश्कील वाटणारी ओळ त्यांच्याकडे आहे. आणि स्वतःचे मत : ‘ब्रह्माण्डमेतन्मितमस्तु नो वा’. ब्रह्मांड एवढे असो वा नसो. एका कल्पात ग्रह जितकी योजने चालतो तितके हे माप, एवढेच आमचे म्हणणे. मोजता येते त्याला आकडा द्यायचा आणि त्याच्या पलीकडच्या कवचाबद्दल हमी घ्यायची नाही. ‘आपल्या पूर्वजांना मल्टिव्हर्स ठाऊक होते’ असे ठासून सांगणाऱ्यांनी ही ओळ जरूर वाचावी. अंड्यांच्या राशी ही कल्पनेची झेप आहे, सुंदर आहे. आजच्या भौतिकीतली विश्वे समीकरणांतून आली आहेत आणि दोघांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नाही.

मग विज्ञानलेखात ब्रह्मांड का नको? हिंदीत ते युनिव्हर्सचे सरधोपट नाव आहे आणि तिथे खपून जाते. मराठीत त्याला देवघराचा वास आहे, शिवाय मराठी माणसाला ब्रह्मांड ‘आठवते’ ते संकटात. मुख्य म्हणजे कवच. आपल्या विश्वाला कवच असल्याचा काहीही पुरावा नाही, आणि शब्दाने तो गुपचूप आत आणू नये.

अनुवादात खरी काळजी घ्यायची आहे ती वेगळीकडेच : ‘याहून मोठे काही’ म्हणजे नक्की काय? मूळ लेखात ते तीन-चार अर्थांनी आलेले असू शकते. सर्वात साधा अर्थ म्हणजे आपल्याला दिसू शकणाऱ्या भागापलीकडचे विश्व. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे, आणि दरम्यानच्या प्रसरणामुळे दिसू शकणाऱ्या भागाचा व्यास आज सुमारे ९३ अब्ज प्रकाशवर्षे. त्यापुढे विश्व संपते असे मानायला कारण नाही. तिथला प्रकाश अजून आलेला नाही इतकेच. याला ‘दृश्य विश्व’ आणि ‘संपूर्ण विश्व’ अशी जोडी पुरते. यात बहुविश्व वगैरे काही नाही, आणि इथे जवळपास सर्व शास्त्रज्ञांचे एकमतही आहे.

दुसरा अर्थ इन्फ्लेशनमधून येतो. ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये मांडले की सुरुवातीच्या क्षणात अवकाश अफाट वेगाने फुगले. पुढे आंद्रे लिंडे आणि इतरांनी दाखवले की हे फुगणे सगळीकडे एकदम थांबायची गरज नाही. एकीकडे थांबते तिथे आपल्यासारखे विश्व, दुसरीकडे चालूच. यातल्या एकेका विश्वाला बुडबुडा म्हणायची पद्धत आहे, आणि इथे ‘ब्रह्मांड’ म्हटले तर मी फारशी कुरकुर करणार नाही. इन्फ्लेशन मात्र देवनागरीत तसेच ठेवा. अर्थपानाच्या सवयीने ‘वैश्विक चलनवाढ’ करू नका.

तिसरा अर्थ : आपले विश्व एखाद्या मोठ्या विश्वातल्या कृष्णविवराच्या आत आहे. भौतिकशास्त्रज्ञ राजकुमार पाथ्रिया यांनी १९७२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ही शक्यता मांडली. लेखांत हमखास येणारा मुद्दा असा की विश्वाच्या हबल त्रिज्येच्या (प्रसरणाचा वेग जिथे प्रकाशाच्या वेगाइतका होतो त्या अंतराच्या) आतल्या वस्तुमानाचे कृष्णविवर केले तर त्याची त्रिज्या त्या हबल त्रिज्येइतकीच, म्हणजे चौदा अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास येते. ऐकायला थरारक, पण ज्या विश्वाची भूमिती सपाट आहे तिथे हे समीकरणातच बसलेले असते. त्याला ‘पुरावा’ म्हणू नका, ‘साम्य’ म्हणा.

चौथा अर्थ शाळेच्या बाकावरचा : आपली सूर्यमाला म्हणजे एखाद्या महाकाय प्राण्याच्या नखातला अणू. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे पटकन पटते. पण आकडेच जुळत नाहीत. हायड्रोजनचा अणू त्याच्या केंद्रकाच्या साधारण साठ हजार पट रुंद. नेपच्यूनची कक्षा सूर्याच्या जेमतेम साडेसहा हजार पट. शिवाय सगळे इलेक्ट्रॉन एकमेकांसारखे तंतोतंत, आणि आपल्या आठ ग्रहांत दोन सारखे नाहीत.

उरला ‘मल्टिव्हर्स’. हा शब्द १८९५ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी वापरला तो खगोलासाठी नव्हेच. निसर्गात भल्याबुऱ्याची एकसूत्रता नाही, अशा नैतिक अर्थाने. आणि १९६० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या अवकाशप्रेमींच्या मंडळात तो भौतिकीत आला तेव्हा नेमका उलटा होता : युनिव्हर्स म्हणजे सर्व, म्हणून अख्ख्या समूहाला युनिव्हर्स आणि त्यातल्या एकेका भागाला मल्टिव्हर्स! म्हणजे आपल्या संपादकांची हरकत तिथेही कुणीतरी घेतली होती आणि प्रामाणिकपणे निस्तरलीही होती. वापराने ती व्यवस्था पार उलटवली.

मराठीत समूहाला ‘बहुविश्व’ आणि घटकांना ‘विश्वे’, हे मला बरे वाटते. ‘समांतर विश्वे’ हा शब्द लोकांना चित्रपटांमुळे ओळखीचा आहे, पण भूमितीत समांतर रेषा एकमेकींना भेटत नाहीत आणि चित्रपटांत तर विश्वा-विश्वांत लोकलसारखी ये-जा चाललेली असते. चर्चा फक्त त्या कथांची असेल तेव्हाच तो घ्यावा.

बाईंचे वाक्य मी असे करेन : ‘आपले विश्व एखाद्या मोठ्या रचनेचा अगदी लहान भाग असेल का?’ ‘कशाचा तरी’ गेले, कारण पुढच्या परिच्छेदात ती रचना कोणती ते लेख सांगणारच असणार. ‘विश्व’नंतरचे ‘हे’ही काढले, त्याची गरज नव्हती. ‘भाग’च्या जागी ‘अंश’ नको, तो जीव-शिवाच्या चर्चेतून येतो. आणि अनेकवचन लेखनात ‘विश्वे’, बोलताना ‘विश्वं’, षष्ठीत ‘विश्वांचा’.