बाल्टिक देशांत, म्हणजे एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनियात, सोशल मीडियावरच्या खोट्या प्रचारावर नजर कशी ठेवतात? नुसतं फॅक्ट-चेक करून भागतं का?

नाही भागत. लाटवियाच्या राजधानीत, रीगात मास्टर्स करताना मी एका मॉनिटरिंग प्रोजेक्टवर पार्टटाइम होते, तिथे पहिल्याच आठवड्यात हे कळलं. मला वाटायचं रोज खोट्या पोस्ट शोधायच्या, खरं काय ते लिहायचं, झालं काम. पण आमच्या लाटवियन टीम लीडने जी एक्सेल शीट हातात दिली त्यात 'खरं की खोटं' हा कॉलम सगळ्यात शेवटी होता, त्याच्या आधी पोस्ट पहिल्यांदा कुठे दिसली, किती वाजता, रशियनमध्ये की लाटवियनमध्ये, मग कोणी कोणी उचलली, शब्द तेच ठेवले की बदलले, आणि कुठल्या नॅरेटिव्हमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगितल्या जाणाऱ्या कुठल्या ठरावीक कथेत बसते.

हा नॅरेटिव्हचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पोस्ट हजारो असतात पण नॅरेटिव्ह मोजकी आणि वर्षानुवर्षं तीच, म्हणजे नाटोचे सैनिक इथे त्रास द्यायला आलेत, हे देश बुडाले आणि सगळे पळून चाललेत, रशियन भाषिकांवर अन्याय होतोय, सरकारला युक्रेनची काळजी आहे तुमच्या बिलाची नाही.

एक उदाहरण सांगते. 2017 च्या सुरुवातीला लिथुआनियात रुक्ला इथे नाटोच्या तुकडीतले जर्मन सैनिक यायला लागले. 14 फेब्रुवारीला संसदेच्या सभापतींना ईमेल गेला की जर्मन सैनिकांनी जोनावाच्या बालगृहातल्या एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार केला. पोलिसांनी तपास केला, अशी मुलगी नाही, साक्षीदार नाही, काहीच नाही. ती अफवा लगेच फसली कारण वर्षभरापूर्वी बर्लिनमध्ये 'लिसा' नावाच्या मुलीवर बलात्कार झाल्याचं असंच खोटं प्रकरण उठवलं गेलं होतं, लोकांना तो साचा ओळखीचा होता आणि पोलीस, मंत्रालय, पत्रकार सगळे पटकन बोलले. साचा आधी माहीत असणं म्हणजे अर्धी लढाई, म्हणून तर ती शीट भरायची.

दुसरी गोष्ट, लाइक आणि कमेंटवर विश्वास ठेवू नका. रीगातच नाटोशी जोडलेलं स्ट्रॅटकॉम सेंटर आहे, असल्या प्रचाराचा अभ्यास करणारं, 2014 पासूनचं, त्यांनी 2019 मध्ये स्वतः 300 युरो खर्च करून बघितलं तर 3,530 कमेंट आणि 25,750 लाइक विकत मिळाले, वर व्ह्यूज आणि फॉलोअर्स वेगळे, आणि चार आठवड्यांनी बघितलं तर पाचातले चार तसेच जागेवर! त्यामुळे एखादी पोस्ट 'लोकांना पटलीय' म्हणायच्या आधी खरी माणसं किती ते बघावं लागतं. आणि पन्नास जणांनी वाचलेल्या अफवेचं जाहीर खंडन केलं तर ती आपणच पन्नास हजारांपर्यंत नेतो, हे मला फार उशिरा समजलं.

पैसा कुठून येतो हे शोधायचं काम मात्र पत्रकारांचं. री:बाल्टिका ही इथली शोधपत्रकारिता करणारी संस्था आणि त्यांच्या जोडीदार पत्रकारांनी 2018 मध्ये बाल्टन्यूज नावाच्या साइट्सचं प्रकरण बाहेर काढलं. वरून तिन्ही देशांच्या स्थानिक न्यूज साइट, आतून मॉस्कोच्या सरकारी मीडिया कंपनीचा पैसा परदेशातल्या कंपन्यांमार्फत, आणि आज कुठले विषय घ्यायचे ते स्काइपवर यायचं. लिथुआनियात 2014 पासून 'एल्फ' म्हणवणारे स्वयंसेवक ट्रोल्सच्या मागे असतात, लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसमध्ये खोटा प्रचार उघडा पाडणारी डीबंक ही संस्था आहे, एस्टोनियात तेच काम करणारा प्रोपास्टॉप हा स्वयंसेवकांचा ब्लॉग. लोक नोकरी सांभाळून रात्री हे करतात आणि मला त्यांच्याबद्दल खरंच खूप आदर आहे.

पण एक इशारा द्यायचाय. आपल्याकडे 2024 च्या लोकसभेनंतर 'फेक नॅरेटिव्ह' हा शब्द कुणीही कुणालाही फेकून मारायला लागलं, तसं झालं तर या कामाचा जीवच जातो. सरकारवर चिडलेला प्रत्येक माणूस रशियाचा एजंट नसतो. 'देश रिकामा होतोय' हे नॅरेटिव्ह चालतं कारण लिथुआनियाची लोकसंख्या 1990 च्या सुमाराला 37 लाख होती ती 30 लाखांच्या खाली आलीय, घरटी कुणीतरी आयर्लंड नाहीतर नॉर्वेला गेलेलं आहे. ज्या आईची मुलं अशी निघून गेलीत तिला 'हा प्रपोगंडा आहे' म्हणून सांगणार का? म्हणून आमच्या शीटमध्ये 'यात खरं किती' असाही कॉलम होता आणि तो भरायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

फेब्रुवारी 2025 मध्ये तिन्ही देश रशियाच्या वीज ग्रिडमधून बाहेर पडले, 8 तारखेला तोडलं आणि 9 ला पोलंडमार्गे युरोपच्या ग्रिडला जोडलं. त्याआधी कित्येक आठवडे ब्लॅकआउट होणार, बिलं आकाशाला भिडणार असं फिरत होतं. आमच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या रशियन बोलणाऱ्या आजी होत्या, त्यांनी मेणबत्त्या आणि पाण्याचे कॅन भरून ठेवले आणि मला विचारलं की लिफ्ट बंद पडली तर मला खाली कोण नेणार. मी आमच्या रिपोर्टमधलं काहीच सांगितलं नाही, फक्त माझा नंबर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या फ्रिजवर लावला आणि शनिवारी, रविवारी दोन्ही दिवस चहाला जाऊन बसले. दिवे एकदाही गेले नाहीत. सोमवारी शीट उघडली तर ब्लॅकआउटवाली अकाउंट्स बिलांवर सरकली होती, मी नवीन ओळ टाकली.