हिट गाणं स्टेजवर का पडतं?

गाणं बसवायला घेण्याआधी एवढं बघ: त्यातली जादू वाजवण्यात आहे की स्टुडिओत? क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं १९७५ चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' घे. मधला ऑपेराचा भाग आवाजावर आवाज चढवून रेकॉर्ड केलेला. लाइव्हमध्ये तिथे टेप लागायची, चौघे आत जायचे आणि जोरदार गिटार सुरू होताना परत यायचे. एवढ्या तयारीच्या बँडने हट्ट धरला नाही, तूही धरू नकोस.

हळूहळू विरत जाणाऱ्या गाण्याला पक्का शेवट बसव. आमचा ड्रमर एकदा थांबला आणि गिटार चालूच राहिली, फार वाईट वाटलं होतं. आणि पट्टी! रेकॉर्डिंगच्या दहा टेकमधून निवडलेला वरचा सूर तासभर गायल्यावर लागत नाही. सरळ अर्धा सूर खाली उतरव, घसा वाचेल.