ऑरोरा क्लस्टरच्या (अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवरच्या डेटाबेसच्या) सेटिंग कोणी बदलल्या हे लगेच कसं कळेल, आणि नको ते बदल कसे रोखायचे?

सुरुवात क्लाउडट्रेल या एडब्ल्यूएसच्या नोंदवहीपासून करा. बदल कोणी, कधी, कुठल्या आयपीवरून केला ते तिथे नोंदलं जातं. मात्र इव्हेंट हिस्टरी फक्त ९० दिवसांची असते. म्हणून वेगळी ट्रेल (नोंदी कायम साठवणारी व्यवस्था) तयार करून लॉग दुसऱ्या अकाउंटच्या एसथ्री बकेटमध्ये, म्हणजे फाइल साठवण्याच्या जागेत, पाठवा. डेटाबेस सांभाळणाऱ्यालाच लॉग पुसता येत असतील, तर त्या नोंदींवर विसंबता येत नाही.

मग इव्हेंटब्रिजमध्ये (घटना दिसली की ठरलेली कृती करणारी सेवा) नियम लावा: मॉडिफायडीबीक्लस्टर, मॉडिफायडीबीइन्स्टन्स किंवा मॉडिफायडीबीक्लस्टरपॅरामीटरग्रुप हे सेटिंग बदलणारे कॉल दिसले की एसएनएस या सूचना-सेवेवरून टीमला सूचना जावी. इथे एक गोष्ट हमखास निसटते. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (डेटाबेसभोवतीच्या फायरवॉलमध्ये) नवा पोर्ट उघडला, तर ती नोंद आरडीएस या डेटाबेस सेवेच्या नव्हे, ईसीटू या सर्व्हर सेवेच्या नावाने येते. तिच्यासाठी वेगळा नियम लागतोच. दुसरं, स्टॅटिक पॅरामीटर (एका प्रकारच्या डेटाबेस सेटिंग) रीबूटनंतरच लागू होतात. आज केलेला बदल महिनाभराने त्रास देऊ शकतो, त्यामुळे सूचना आली की त्याच दिवशी तपासा.

नको ते बदल रोखण्यासाठी आयएएममध्ये (एडब्ल्यूएसची परवानग्यांची व्यवस्था) बदल करण्याचे हे अधिकार फक्त डिप्लॉयमेंटच्या रोलला, म्हणजे बदल आपोआप लागू करणाऱ्या यंत्रणेच्या ओळखीला, द्या. माणसांना प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमवर) वाचण्यापुरता प्रवेश पुरे. बदल टेराफॉर्ममधून (सेटिंग कोडमध्ये लिहून लावण्याचं साधन), रिव्ह्यू होऊनच जावेत. क्लस्टर चुकून पुसला जाऊ नये म्हणून डिलीशन प्रोटेक्शन चालू ठेवा.

आणि हो, डेटाबेसच्या आत एसक्यूएलमधून दिलेले ग्रँट (परवानग्या) क्लाउडट्रेलला दिसत नाहीत. ऑरोराचा पोस्टग्रेस प्रकार असेल तर त्यासाठी पीजीऑडिट हे नोंदी ठेवणारं एक्स्टेन्शन चालू करा.