वाचक विचारतात: जादूगारांचं जुनं मासिक

प्रश्न : रद्दीत 'स्फिंक्स' या जादूगारांच्या इंग्रजी मासिकाचे काही अंक मिळाले. कव्हरं गेलीत, फक्त 'खंड ३०' दिसतं. साल कसं ओळखू? पिनाही गंजल्यात. (एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : रद्दीवाल्यानं किलोच्या भावानं दिले असतील तर नशीबच म्हणायचं! मार्च १९०२ मध्ये शिकागोत सुरू झालेलं हे मासिक १९५३ पर्यंत चाललं. १९३० पासून शेवटपर्यंत संपादक जॉन मुलहोलंड. खंड मार्चला बदलतो, म्हणून खंडाच्या आकड्यात १९०१ मिळवा: ३० म्हणजे मार्च १९३१ पासूनचे अंक. जानेवारी-फेब्रुवारीचे असतील तर साल एकानं वाढवा.

पिना ओढू नका, गंजलेल्या जागी कागद भोकासकट फाटतो. अंक मधल्या पानावर उघडा, पिनेची वळलेली टोकं बोथट सुरीनं सरळ करा, मग पाठीकडून अलगद उचला. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून आत गाठ मारा. चिकटपट्टी मुळीच नको. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलंत तर बुरशी ठरलेली, त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या खोक्यात, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.