कन्सोल, पीसी की व्हीआर: तुझ्या प्रश्नास उत्तर

सोलापूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरीच्या पहिल्या वर्षात साठवलेल्या पैशांतून प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडायचा कन्सोल, घ्यावे, चांगला पीसी जुळवून घ्यावा की डोळ्यांवर बांधून आभासी जगात खेळण्याचा व्हीआर हेडसेटच थेट मागवावा, असे तू विचारले आहेस आणि सोबत तिन्हींच्या आकड्यांचा तक्ताही पाठवला आहेस. तक्ता मेहनतीने केलेला आहे. मात्र टेराफ्लॉप, हर्ट्झ आणि गिगाबाइट यांच्या गर्दीत एक रकाना राहून गेला आहे. यंत्र घरात आल्यावर ते तुझ्याकडून आणखी काय काय मागणार, याचा त्यात उल्लेख नाही. माझ्या मते निर्णय त्या रकान्यावरूनच करावा.

कन्सोलचा हिशेब त्यातल्या त्यात सरळ आहे. पूर्वी कन्सोल जुना होत जाई तशी त्याची किंमत उतरे, त्यामुळे थोडे थांबणे शहाणपणाचे ठरे. प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत उलटे झाले. भारतात तो २०२१ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा डिस्क असलेल्या आवृत्तीची किंमत ४९,९९० रुपये होती आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस ती ५४,९९० झाली. त्यावर नवा मोठा खेळ पाच हजारांच्या आसपास जातो, आणि विकत घेतलेला खेळ मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी वेगळी भरावी लागते. म्हणून कन्सोल घेणारच असशील तर डिस्कवालाच घे. डिस्क न घेणारी डिजिटल आवृत्ती दुकानात स्वस्त दिसते, पण डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. खात्यावर उतरवून घेतलेल्या खेळाचे तसे काहीच करता येत नाही.

आता आपल्या गावाचे. प्लेस्टेशन ५ च्या अधिकृत तपशिलात वापरासाठी योग्य तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असे दिलेले आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत दुपारी तीन वाजता काय होते ते तुला मी सांगायला नको. यंत्र काचेच्या शोकेसमध्ये, टीव्हीखाली, शोभेसाठी कोंबून ठेवलेस तर त्याने फेकलेली गरम हवाच ते पुन्हा आत ओढून घेईल. शिवाय तुमच्या घरामागे यंत्रमाग चालतात. शहराच्या पूर्व भागातील घरांतून माझ्याकडे साफसफाईला आलेली पीसीची कॅबिनेटे उघडली की पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या फटींत कापसाच्या तंतूंचा राखाडी, नमद्यासारखा थर बसलेला दिसतो. तो साध्या धुळीसारखा फुंकरीने उडत नाही, चिमट्याने सोलून काढावा लागतो. प्लेस्टेशन ५ ची बाजूची आवरणे काढली की धूळ साठण्यासाठी मुद्दाम ठेवलेली छिद्रे दिसतात. ती व्हॅक्युम क्लीनरने साफ करता येतात. पीसीच्या कॅबिनेटला मात्र जाळीचे, सहज निघणारे फिल्टर असतील याची खात्री करून घे आणि घरामागे माग चालू आहेत तोवर ते दर पंधरवड्याला धू.

पीसीच्या बाबतीत मी पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही त्याच्या बाजूची कारणे खरी आहेत. ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळी वर्गणी नाही. वीस वर्षांपूर्वीचे कित्येक खेळ आजही चालतात. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. आणि ज्या टेबलावर तू खेळशील त्याच टेबलावर तुझे कार्यालयीन कामही होईल, हा मुद्दा तुझ्या वडिलांपुढे मांडताना फार उपयोगी पडेल.

पीसी त्याबदल्यात तुझा वेळ मागतो. चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, बदलला की कधी एखादा खेळ अडखळतो. नव्या खेळात शेडर (प्रकाश-छाया रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असताना चित्र मध्येच गचके खाते. सेटिंगच्या पानावर तीस-चाळीस पर्याय असतात आणि त्यांतले निम्मे काय करतात हे लिहिलेले नसते. ज्याला संध्याकाळी तासभरच मोकळा मिळतो त्याने तो या पानावर घालवू नये. अशा माणसाला मी निःशंकपणे कन्सोल सुचवतो.

तुझ्या तक्त्यात तू ४के ला, म्हणजे अतिबारीक चित्राला, सर्वाधिक गुण दिले आहेस, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. नेहमीच्या १०८०पी (फुल एचडी) चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात, ४के मध्ये त्याच्या बरोबर चौपट. म्हणजे ग्राफिक्स कार्डावरचा भार कितीतरी वाढतो आणि २४ इंची मॉनिटरवर हातभर अंतरावरून मिळणारा फरक त्या मानाने थोडाच. याउलट सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवलेली चित्रे, मिळाल्या तर प्रत्येक फ्रेमचा अवधी ३३ मिलिसेकंदांवरून साधारण १७ वर येतो, आणि हा फरक डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो: बटण दाबले आणि पात्राने उडी मारली यांतले अंतर कमी होते. म्हणूनच कन्सोलवर सुंदर चित्र आणि सुरळीत चाल असे दोन पर्याय विचारले गेले, तर मी डोळे झाकून दुसरा निवडतो. अलीकडे ग्राफिक्स कार्डांच्या जाहिरातींत फ्रेम जनरेशनचे मोठमोठे आकडे असतात. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने तयार केलेली फ्रेम घातली जाते. चित्र गुळगुळीत दिसते, पण मधल्या फ्रेमला तुझ्या बटणाची वार्ताही नसते, त्यामुळे हाताला जाणवणारा वेग वाढत नाही. मूळचा खेळ ६० च्या आसपास चालत असेल तर ही सोय उत्तम आहे. मूळचाच ३० वर रखडत असेल तर तो आकडा केवळ खोक्यावर छापण्यापुरता.

प्रदर्शनाच्या दिवशीच खेळ विकत घेण्याची घाई करू नकोस. सायबरपंक २०७७ हा खेळ २०२० च्या डिसेंबरमध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की प्लेस्टेशनवाल्या सोनीने काही दिवसांतच तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पुढच्या जूनमध्येच परत घेतला. तोच खेळ आज मी कोणालाही सुचवतो. घाई केलेल्यांनी पूर्ण किंमत मोजून त्याची चाचणी करून दिली, एवढेच.

मालकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. द क्रू हा मोटार शर्यतींचा खेळ एकट्याने खेळायचा तरी इंटरनेट लागत असे. २०२४ च्या ३१ मार्चला युबिसॉफ्ट या कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी रोख पैसे मोजले होते त्यांच्या हातीही काही उरले नाही. म्हणून खेळ घेताना तो इंटरनेटविना चालतो का, हे आधी पाहा. गॉग या दुकानातून घेतलेल्या खेळाची इन्स्टॉलर फाइल आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवता येते. मला आवडलेले जुने खेळ मी शक्यतो तिथूनच घेतो.

व्हीआर तुझे शरीरच मागतो. डोळे सांगतात की आपण पळत आहोत, अंतर्कर्ण सांगतो की आपण जागीच उभे आहोत, आणि या भांडणात पोटात ढवळते. चित्राचा वेग कमी पडला की त्रास वाढतो. चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट पोहोचण्याची सोय वापरली की कमी होतो. मळमळ सुरू झाल्यावर नेटाने खेळत राहू नये, हेडसेट लगेच काढावा. क्वेस्ट ३ या हेडसेटचे वजन ५१५ ग्रॅम आहे. ते कपाळावर बांधून, मे महिन्यात, घामाने भिंगे धुकटत असताना तू किती वेळ उभा राहशील याचा विचार कर. हात पसरून फिरण्यासाठी साधारण दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा हवी, आणि आपल्याकडच्या बुटक्या खोल्यांत वर फिरणारा पंखाही असतो. आणखी एक धोका फारसे कोणी सांगत नाही: हेडसेटच्या भिंगांवर थेट ऊन पडले तर ते एकवटून आतल्या पडद्यावर जळाल्याचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. खिडकीजवळच्या टेबलावर तो क्षणभरही उघडा ठेवू नये.

तरीही व्हीआरला मी कमी लेखत नाही. २०२० मधला हाफ-लाइफ: अलिक्स हा व्हीआर खेळ खेळताना कपाटाच्या मागे वाकून पाहणे, हाताने काडतुसे भरणे यातून जो थरार मिळतो तो सपाट पडद्यावर मिळूच शकत नाही. परंतु त्या तोडीचे खेळ इतक्या वर्षांनंतरही मोजकेच आहेत, आणि प्लेस्टेशन व्हीआर २ हा सोनीचा हेडसेट तर अमेरिकेत आला तेव्हा ज्या कन्सोलला जोडायचा त्याच्यापेक्षाही महाग होता. पुण्याला गेलास की एखाद्या व्हीआर केंद्रात तासाचे पैसे देऊन खेळून घे. बाहेरून मागवणारच असशील तर इथे हमी कोण देणार, हे विक्रेत्याकडून लेखी घे.

रोज हजेरी लावायला लावणाऱ्या खेळांपासून मात्र जपून राहा. आजची कामगिरी, आठवड्याचे बक्षीस, संपत आलेला सीझन असे लावलेले खेळ फुकट असले तरी महागात पडतात. याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला राजी हा खेळ पाच-सहा तासांत पूर्ण होतो. त्यातल्या मारामारीत उणिवा आहेत, पण आपल्याकडची शिल्पे आणि चित्रशैली इतक्या आस्थेने खेळात आलेली मी क्वचितच पाहिली आहेत.

तुझ्यापुरते सांगायचे तर मध्यम दर्जाचा पीसी घे. ग्राफिक्स कार्डातून चार-पाच हजार कमी कर आणि ते नामांकित एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) व यूपीएसवर घाल, कारण आपल्याकडे वीज जाण्यापेक्षा ती परत येतानाचा झटका अधिक घातक असतो. वडील 'गेम' म्हटल्यावर पैसे लावण्याच्या ॲपची धास्ती घेतात असे तू लिहिले आहेस; तसल्या पैशांच्या खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली आहे आणि तू म्हणतोस ते खेळ त्यात येत नाहीत, हे त्यांना शांतपणे समजावून सांग. सुटे भाग निवडलेस की यादी मला पाठव. एसएमपीएसचे मॉडेल पूर्ण नावानिशी लिही.

तुझा,
काका