सोलापुरात राहणाऱ्या रिटायर आई-बाबांची बाहेरची कामं आणि प्रवास कसा प्लॅन करायचा?

तुम्ही विचारलंय की बाबा रिटायर झाल्यापासून आई-बाबा दोघंच सोलापुरात आहेत, तुम्ही पुण्यात, आणि ते रोज काही ना काही कामासाठी भर उन्हात बाहेर पडतात, शिवाय पंढरपूर-तुळजापूर चालूच असतं, तर याचं काही प्लॅनिंग करता येतं का की सरळ सगळं ऑनलाइन करून टाकावं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका, मिस्टर सत्तरी ओलांडलेले, त्यांना शुगर आणि बीपी, लेक बेंगलोरला. म्हणजे तुमच्या आई-बाबांच्या जागी आम्हीच आहोत, त्यामुळं जरा सविस्तरच सांगते.

आधी पाणी. तुम्ही सोलापूरचेच आहात त्यामुळं नवीन सांगत नाही, पण बाहेर राहिलं की विसरायला होतं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि त्या दिवशी आम्ही दोघंही कुठलंच बाहेरचं काम काढत नाही. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची वेळ मागंपुढं होते, सकाळी सहाला येणारं पाणी कधी अकराला येतं, नळाला फुसफुस आवाज आला की मिस्टर हातातला पेपर टाकून मोटर लावायला उठतात, मग टाकी, हंडे, पिंप, पुन्हा पाणी गाळून ठेवणं. त्यात माणूस एवढा दमतो की त्याच दिवशी बँकेत जाऊन उभं राहायचं म्हणजे पाय दुखणं ठरलेलं. म्हणून पाण्याचा दिवस घरचा, दुसरा दिवस आरामाचा आणि मधले जे दिवस उरतात ते बाहेरच्या कामाचे. गावाला जायची तारीखसुद्धा आम्ही अशीच धरतो, आणि जास्त दिवस जायचं असेल तर किल्ली शेजारी देऊन जातो म्हणजे ते टाकी भरून घेतात.

मग ऊन. मार्च संपत आला की सकाळी दहाच्या आत घरी आणि संध्याकाळी साडेपाचनंतर बाहेर, मधे काही नाही. एप्रिल-मेत पारा चाळीसच्या वर असतो आणि वय झालं की तहान लागलेली कळतच नाही, हे घरात कुणीतरी सारखं बोलून दाखवावं लागतं. त्यात बीपीसाठी लघवीची गोळी चालू असलेली माणसं बाहेर जायचं म्हटलं की पाणीच पीत नाहीत, वाटेत कुठं जायचं ही चिंता असते, बायकांना तर फारच. हे मला सगळ्यात काळजीचं वाटतं. पाणी तोडण्यापेक्षा प्रवासाच्या दिवशी ती गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारून घ्यावं, आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी वेळ बदलून दिली, पण आपल्या मनानं बदलू नका.

कामं मी दिशेनं लावते. जुळे सोलापूरकडचं काम वेगळ्या दिवशी, नवी पेठ-पार्क चौकाकडचं वेगळ्या दिवशी. एका खेपेत मुख्य काम एकच, बाकी वाटेत जमलं तर. महिन्याचे पहिले चार-पाच दिवस बँकेचं नाव काढायचं नाही, पेन्शनवाल्यांची गर्दी असते, आणि दुसरा-चौथा शनिवार बँक बंद हे कॅलेंडरवर गोल करून ठेवलेलं बरं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा असते तेव्हा होम मैदान आणि सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला जायचं ते दर्शनालाच, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला, त्या दिवसांत तिकडचं दुसरं कुठलंही काम पुढं ढकलायचं.

रक्ताच्या तपासणीचं तर वेगळंच गणित आहे. उपाशीपोटीचं रक्त सातलाच द्यायचं, मग नाश्ता, आणि पहिला घास खाल्ला तिथून दोन तास मोजून दुसरं. हे मधले दोन तास रिकामे आहेत म्हणून लोक मंडईत चक्कर मारून येतात, पण चालल्यानं जेवणानंतरची साखर कमी दिसते आणि डॉक्टरांना चुकीचं चित्र जातं. त्यामुळं त्या वेळात बसूनच राहायचं किंवा सरळ घरी माणूस बोलवायचा, बहुतेक लॅब घरी येतात. बाबांना इन्सुलिन असेल तर उन्हाळ्यात मेडिकलमधून आणणं हे दिवसातलं शेवटचं काम ठेवा म्हणजे तिथून थेट फ्रीजमध्ये. प्रवासात ते गाडीच्या डिकीत नको, हातातल्या पिशवीत, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, आणि बर्फाला थेट चिकटवून तर अजिबात नको, गोठलं की ते कामातून जातं.

आता देवदर्शन. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४० च्या आसपास, पंढरपूर सत्तरएक, म्हणजे सगळं एका दिवसात होण्यासारखं, पण वार बघून जावा की. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, पंढरपूरला एकादशी टाळा, अक्कलकोटला गुरुवार. आमचं बहुतेक सोमवारी नाहीतर बुधवारी असतं. आईंचा गुरुवारीच स्वामींच्या दर्शनाचा नेम असेल तर तो मोडायला सांगू नका, पहाटेची गाडी धरा म्हणजे ऊन चढायच्या आत परत. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाले की तिकीटच नाही, ही फुकट प्रवासाची सवलत २०२२ पासून आहे, आणि बायकांना २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं. आधार कार्ड सोबत ठेवायला सांगा. गाणगापूरला जाणार असाल तर ते कर्नाटकात, आपली सवलत हद्दीपर्यंतच.

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालचा बर्थ मिळायची सोय आहे आणि ती पुष्कळ मुलांना माहीत नसते. पुरुषाला ६० आणि बाईला ४५ पूर्ण असतील तर बुकिंग करताना लोअर बर्थ-सीनियर सिटीझनचा कोटा निवडायचा, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघंच आणि दोघंही त्या वयाचे. मुलगा प्रेमानं स्वतःचं नाव त्याच तिकिटात घालतो आणि आईला वरचा बर्थ येतो, असं आमच्या ओळखीत झालंय. तुमचं तिकीट वेगळं काढा. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. पुण्याला तुमच्याकडं यायला हुतात्मा एक्स्प्रेस बरी, सकाळी निघून जेवायच्या आत पोचतात, वंदे भारतही सकाळचीच आहे पण सोलापूरहून ती गुरुवारी नसते. खरी अडचण परतीची, संध्याकाळी पुण्याहून निघालं की सोलापुरात उतरायला रात्रीचे दहा वाजून जातात. त्यासाठी एक ओळखीचा रिक्षावाला धरून ठेवा, आमचा ठरलेला आहे, फोन केला की स्टेशनच्या बाहेर उभा असतो आणि बॅगा घरात आणून ठेवतो, त्याला चार पैसे जास्त गेले तरी ते सार्थकी लागतात.

ऑनलाइनचं विचाराल तर लाइट बिल, गॅस, मोबाईलचा रिचार्ज तुम्ही तिकडून खुशाल करा, त्यात कुणाला आनंद नाही. पण भाजी, किराणा, देऊळ आणि पासबुक भरून घेणं हे काढून घेऊ नका. मिस्टर सकाळी मंडईत जातात, मेथीची जुडी उलटी करून देठं बघतात, भाजीवाल्या मावशी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करतात, शेंगाचटणीच्या दुकानात थोडं बसणं होतं. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवतात, हे मी रोज बघते. दोघांपैकी कुणाचं वय ७० च्या वर असेल आणि बँकेत जाणं झेपत नसेल तर बँकेची घरपोच सेवा मागता येते, रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच तसं सांगितलेलं आहे, पण जोवर पाय चालतात तोवर जाऊ द्या.

एक काम मात्र तुम्ही स्वतः येऊन करा, हयातीच्या दाखल्याचं. बाबांची पेन्शन सरकारी असेल तर ते नोव्हेंबरमध्ये येतं आणि तेव्हा बँकेत पाय ठेवायला जागा नसते. पीएफची पेन्शन असेल तर वर्षात कधीही देता येतो, दिल्यापासून वर्षभर चालतो. आमच्या शेजारच्या काकू जन्मभर विड्या वळायच्या, त्यांच्या बोटांचे ठसेच मशीनवर उठत नव्हते, मग चेहऱ्यावरून झाला. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अ‍ॅप बाबांच्या मोबाईलमध्ये टाका, खिडकीसमोर उजेडात बसवा, अ‍ॅप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं तेव्हा करायची, की झालं. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर) आणि पेन्शनच्या खात्याचा नंबर आधीच काढून ठेवा, आधारचा ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो चालू आहे ना बघा. नाहीच जमलं तर पोस्टमनला घरी बोलावता येतं, तो थोडी फी घेऊन करून देतो, त्यासाठी पोस्टात आधी सांगून ठेवावं लागतं.